नायलॉनचा बुश आणि नूरखालाची रसवंती

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला तो उन्हाळा आमच्या घरातला सगळ्यात मजेचा उन्हाळा होता, असं मी लिहिलेलं त्यांनी वाचलं असतं तर रागावण्याऐवजी हसले असते. मळणीयंत्राचा दांडा ट्रॉलीतून उतरवताना त्यांचा पाय घसरला. दांडा खाली पडू दिला नाही आणि मनगट मोडून घेतलं. पडल्या जागेवरून त्यांनी पहिलं काय विचारलं तर, "दांडा बराबर हाय ना?" माय ही गोष्ट पुढं आल्या-गेल्याला सांगायची, आणि सांगताना दरवेळी दांडा थोडा लांब व्हायचा.

वडीगोद्रीला हमरस्त्याच्या कडेला आमचं पत्र्याचं शेड होतं. पुढं धातू कातायची लेथ, मागं दोन खोल्या, मधे गोणपाटाचा पडदा. आमचं घर कुठं संपतं आणि कारखाना कुठं सुरू होतो हे सांगता यायचं नाही. भाकरीच्या पिठात लोखंडाचा बारीक कीस सापडायचा आणि लेथच्या तेलाच्या डब्याशेजारी ठेच्याची वाटी असायची. आवाजावरून सगळं कळायचं. लोखंड कापताना लेथ दात खाल्ल्यासारखी करकरायची, पितळ कापताना फोडणीसारखी चुरचुरायची. माय आतून चुलीपाशी बसून म्हणायची, "आज पितळ लावलंय वाटतं." ती लेथला कधी शिवली नाही, पण कुठलं काम बिघडायला लागलंय हे तिला दादांच्या आधी कळायचं आणि ती पडद्याआडून नुसती खाकरायची.

मी बारावीची परीक्षा दिली होती. लेथवर हात बसलेला होता, कारण शाळा सुटल्यावर दादांना कोणीतरी मोजमाप घेणारं लागायचं आणि मला ते आवडायचं. जालन्याला पॉलिटेक्निकमध्ये जायचं माझ्या मनात होतं. दादांना विचारलं की ते "बघू" म्हणायचे. त्यांच्या "बघू"ला हो म्हणावं का न्हाई, हे आमच्या घरात कोणालाच उमगलं नव्हतं. हात मोडल्यावर मात्र बघायला वेळच राहिला नाही. उन्हाळ्यात कामं दाराशी उभी असतात. मी वेणीचा अंबाडा बांधला, त्यावर दादांची जुनी टोपी घट्ट बसवली, ओढणी खिळ्याला अडकवली आणि मशीनपुढं उभी राहिले. दादा बाजेवर बसून सांगायचे आणि मी करायचे. पहिल्या आठवड्यात ते सारखे बोलत होते. दुसऱ्या आठवड्यात मधूनमधून पेपर वाचायला लागले. ती माझी पहिली पदवी, असं मी आजही मानते.

रस्त्याच्या पलीकडं लिंबाखाली नूरखालाची रसवंती होती. नूरखालाचे यजमान ट्रकवर असायचे, कधी हैदराबादेत तर कधी नागपूरच्या वाटेवर. रसवंती ती एकटी चालवायची. तिच्या चरकाच्या चाकाला घुंगरं बांधलेली होती आणि ती वाजायला लागली की आमची दुपार सुरू व्हायची. ऊस तीर्थपुरीकडून यायचा. शुक्रवारी तिच्याकडून खिचडी आणि चिंचेचा खट्टा यायचा, त्याच डब्यात माय शेंगदाण्याची चटणी भरून परत पाठवायची. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच बोलता यायची आणि त्या तासन् तास बोलायच्या.

तिच्या चरकाचं एक जुनं दुखणं होतं. चरकाच्या लाटा, म्हणजे ऊस पिळणारे रूळ, ज्या दांड्यावर फिरतात त्याच्या दोन्ही टोकांना बुश असतो. बुश म्हणजे जाड बांगडीच. दांडा तिच्या आत फिरतो, झीज ती सोसते आणि दांडा वाचतो. नूरखालाच्या चरकाला तांबूस पिवळ्या गनमेटलचे बुश होते. गनमेटल चांगला धातू, पण त्याला सारखं तेल लागतं. तेल नाही मिळालं की तो किंचाळतो आणि दिलं की ते पाझरतं. पाझरलेलं तेल झिजलेल्या धातूनं काळं होऊन लाटेच्या कडेनं खाली उतरायचं आणि कधीकधी रसाच्या पांढऱ्या फेसात केसासारखी काळी रेघ दिसायची. नूरखाला फडकं घेऊन दिवसभर ती कड पुसत राहायची.

आदल्या वर्षीच्या बुद्धजयंतीला ते नडलं होतं. आमच्या विहारासमोर दरवर्षी नूरखालाचा चरक यायचा आणि वंदना झाल्यावर सगळ्या वस्तीला रस मिळायचा. वैशाखातलं ऊन आणि सगळ्यांच्या अंगावर पांढरे कपडे. गयाबाई म्हणून आमच्या वस्तीतली सगळ्यात वयस्कर बाई चरकाजवळ उभी होती. तिच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या लुगड्यावर तेलाचा थेंब उडाला आणि तो डाग काही गेला नाही. गयाबाईनं वर्षभर तो डाग प्रत्येकाला दाखवला. त्यामुळे ह्या वर्षी वस्तीतले कारभारी साळवेमामा दादांकडं येऊन, मान खाली घालून म्हणाले, "अवंदा लिंबाचं सरबत करावं म्हणून राह्यले लोक. तुमी खालाला सांगा जरा सांभाळून."

सांभाळून सांगायची वेळच आली नाही. नूरखाला तिचा डबा न्यायला आली होती आणि पडद्याआड उभी होती. साळवेमामा गेल्यावर ती पुढं आली आणि माझ्याजवळच्या स्टुलावर बसली.

मग म्हणाली, "भाईसाब, मेरी मशीन का तेल काला है, मैं नै. इत्ते साल से पिलारी मैं. सरबत बनाओ, मेरेकू कुछ नै बोलना. मगर मेरेकू बुलाए नै तो मैं उस दिन दुकान खोलके क्या करूं?"

दादांनी पेपर बाजूला ठेवला. "बुश नवे करून देतो, खाला."

"नवे बी तेल पिएंगे ना?"

"पितील," दादा म्हणाले.

"मंग तेल न पिणारा बुश करू," मी म्हणाले. मला वाटतं मी ते नुसतंच बोलून गेले होते. पण नूरखाला माझ्याकडं अशी बघायला लागली की आता काहीतरी करणं भाग होतं. दादांना आठवलं, नवीन जालन्याला बियाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी पांढरे बुश पाहिले होते. बियाण्याला तेल लागू नये म्हणून ते बसवलेले. कशाचे ते त्यांनी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नूरखाला आणि मी जीपनं जालन्याला गेलो. मी सोबत तिच्या चरकाचा झिजलेला बुश फडक्यात बांधून घेतला होता. स्टेशनच्या रस्त्याला धातूच्या सळया विकणारं एक दुकान होतं. आत पितळ, गनमेटल, तांबं असं सगळं जाडीप्रमाणे उभं करून ठेवलेलं आणि कोपऱ्यात पांढऱ्या, दुधाळ सळया. दुकानाचे शेठ हौशी माणूस निघाले. दोन बायका बुश घेऊन आल्या म्हटल्यावर त्यांनी गिऱ्हाईक बाजूला बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, "वजन किती येतं ह्याच्यावर? आणि फिरतो कसा, जोरात का सावकाश?"

"सावकाश," मी म्हणाले. "पण ऊस आत गेला की लई जोर येतो."

त्यांनी एक पांढरा तुकडा माझ्या हातात दिला. ओल्या साबणासारखा गुळगुळीत होता, हातात ठरेना. "हे टेफ्लॉन. ह्याच्यावर काहीच चिकटत नाही. ह्याच्याइतकं घसरणारं माझ्या दुकानात दुसरं काही नाही." नूरखालाचा चेहरा उजळला. तेवढ्यात त्यांनी तुकडा परत घेऊन त्यावर अंगठ्याचं नख दाबलं. नखाची खूण तशीच राहिली. "पण मऊ आहे. तुमच्या लाटेखाली दबत दबत बाहेर येईल." मग त्यांनी दुसरी सळई काढली. ही तेवढी गुळगुळीत नव्हती, पण तिच्यावर नख उमटेना. "हे नायलॉन. घसरतं बरं, सोसतं जास्त. थोडं पाणी मिळालं तरी तेलाशिवाय चालेल."

नायलॉनला पाणी चालतं एवढंच त्यांनी सांगितलं. पाणी नायलॉनचं काय करतं, हे त्यांना बहुधा कोणी विचारलं नसावं. आज कुठल्याही बुशाच्या माहितीपत्रकात ते पहिल्या पानावर असतं. माझी पुढची सगळी नोकरी असे बुश बनवणाऱ्या कारखान्यात गेली आणि नवीन मुलंमुली रुजू झाली की मी त्यांना ते पान आधी वाचायला लावायचे. त्यांना वाटायचं, बाई शिस्तीच्या आहेत.

येताना जीपमध्ये ती सळई मी मांडीवर आडवी धरली होती. शेजारच्या आजोबांनी अंबड येईपर्यंत धीर धरला आणि मग विचारलं, "एवढा मोठा मुळा कुठं मिळाला?" नूरखाला हसून हसून पुढच्या माणसाच्या पाठीवर आदळली.

नायलॉन लेथवर लावलं आणि घरातला आवाजच गेला. ना करकर, ना चुरचुर. हत्यार टेकवलं की नुसती फुसफुस आणि शेवयांसारखी लांबच लांब पांढरी फीत निघायची. ती तुटत नव्हती. गोल गोल फिरून मशीनला गुंडाळायची आणि मी मशीन बंद करून ती सोडवायचे. आवाज येईना म्हणून माय पहिल्यांदाच काम चालू असताना पडद्याबाहेर आली. तिनं त्या शेवयांचा ढीग पाहिला, मूठभर उचलून आत नेला आणि संध्याकाळी त्यानं कढई घासली. त्यानंतर आमच्या आळीत कोणीही राखेत काथ्या बुडवून भांडी घासली नाहीत. सगळ्या मायकडं शेवया मागायला यायच्या.

बुश मी दादांनी शिकवल्याप्रमाणे केला. दांडा आणि बुश यांच्यात पातळ कागद जाईल एवढीच फट. गनमेटलला तेवढीच ठेवतात, त्याहून जास्त ठेवली तर मिस्त्रीची अब्रू जाते. दादांनी डाव्या हातानं बुश दांड्यावर सरकवून पाहिला. "बराबर," ते म्हणाले. चरकाला बसवला, इंजिन सुरू केलं आणि नूरखालानं ऊस घातला. चरक इतका शांत चालला की घुंगरं पहिल्यांदाच नीट ऐकू आली. तेलाचा डबा तिनं लिंबामागं नेऊन ठेवला आणि दिवसभर येईल त्याला फुकट रस पाजला.

हे सुख बाजाराच्या दिवसापर्यंत टिकलं. बाजाराला रसवंतीवर जत्रा असायची. ऐन दुपारी मी भाकरी खात होते आणि रस्त्यापलीकडची घुंगरं मंदावत गेली. मग इंजिनानं दम टाकल्यासारखे आवाज काढले, पट्टा घसरल्याचा जळका वास आला आणि सगळं थांबलं. मी हात न धुताच धावले. लाटा हलत नव्हत्या. ग्लास घेऊन उभे असलेले लोक माझ्याकडं, म्हणजे माझ्या टोपीकडं बघत होते. कोणीतरी म्हणालं, "पोरीनं केल्तं म्हणं." आम्ही चरक खोलला. हाताला बांगडी रुतावी तसा बुश दांड्याला आवळून बसला होता. तो काढायला हातोडी लागली. मला रडू आलं होतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

"रो मत," नूरखाला म्हणाली. "रूठी है मशीन, मरी नै." तिनं जुने गनमेटलचे बुश परत बसवायला लावले, लिंबामागचा तेलाचा डबा आणला आणि फडकं घेऊन पुन्हा कड पुसायला लागली. ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

दादा म्हणाले, "गरमीनं वाढला असंल." मलाही तसंच वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बुश गार झाला होता तरी दांड्यावर चढेना. त्याच सळईच्या उरलेल्या भागातला एक तुकडा मी तसाच कातून फळीवर ठेवला होता. तो दांड्यावर घातला तर अलगद सरकला. एकाच सळईचे दोन भाऊ, एक सैल आणि एक घट्ट. मी दोन्ही हातात घेऊन चुलीपाशी जाऊन बसले. माय हरभऱ्याचं पाणी निथळत होती. रात्रभर भिजलेले हरभरे टपोरे झाले होते.

"काय झालं गं?" तिनं विचारलं.

"हा फुगलाय. हा न्हाई फुगला."

"मंग त्यो भिजला असंल," माय म्हणाली आणि निथळायचं काम करत राहिली.

फळीवरचा तुकडा कोरडा होता. चरकातला बुश दिवसभर रसात आणि धुण्याच्या पाण्यात होता. एवढं साधं होतं. मी त्याच क्षणी कोरडा तुकडा मोजला आणि पाण्यात टाकला. दोन दिवसांनी काढून पुन्हा मोजला तर तो खरंच वाढला होता. मी मायला म्हणाले, आता ह्याला आधीच पोटभर पाणी पाजायचं, फुगायचं तेवढं फुगू द्यायचं आणि मग कातायचं. लवकर व्हावं म्हणून उकळायचं ठरलं. भांडं मायचंच, शेंगा उकडायचं मोठं पातेलं. तिनं "माझं पातेलं गेलं" म्हणून कपाळाला हात लावला आणि स्वतःच चुलीत लाकडं सारली. दिवसभर ते पांढरे ओंडके रटरटत होते. वासानं शेजारची बाई डोकावली आणि झाकण उचलून म्हणाली, "काय शिजून राह्यलं?" माय म्हणाली, "बुश." बाईनं झाकण ठेवलं आणि आल्या पावली परत गेली.

खरी लढाई दादांशी झाली. उकळलेलं नायलॉन कातताना मी फट कागदाएवढी न ठेवता पोस्टकार्डाच्या जाडीएवढी ठेवली. आतून तीन खाचाही काढल्या, पाणी जावं आणि उसाचा चोथा धुऊन निघावा म्हणून. दादांनी बुश दांड्यावर घातला. तो डुलत होता.

"हे ढिलं हाय, शालू," ते म्हणाले. "असं काम मी दिलं तर लोक तोंडावर फेकतील माझ्या."

"उकळलाय तरी उन्हानं अजून थोडा वाढंल दादा. जागा पाहिजे त्याला."

"एवढी?"

"एवढी."

त्यांनी बुश फिरवून फिरवून पाहिला. आयुष्यभर ज्या फटीची त्यांना लाज वाटत आली ती मी मुद्दाम ठेवली होती. माय पडद्याआड होती, पण खाकरली नाही. शेवटी दादांनी बुश माझ्या हातात दिला. "बसव," ते म्हणाले. "खडखडला तर माझं नाव सांगू नको."

तो खडखडला. पहिला दिवसभर चरक थोडा बडबडत होता आणि नूरखाला प्रत्येक खडखडीला "या अल्ला" म्हणत होती. तिसऱ्या दिवशी खडखड थांबली. पुढच्या बाजाराला तो दिवस मावळेपर्यंत चालला. मी त्या दिवशी जेवले नाही, रस्त्याच्या अलीकडं बाजेवर बसून नुसती ऐकत राहिले. संध्याकाळी साळवेमामा स्वतः रस प्यायला आले, चरकाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "सरबताचं बघू मंग."

बुद्धजयंतीला नूरखालाचा चरक विहारासमोर आला. तिनं तो घासून पुसून घेतला होता आणि स्वतः कडक इस्त्रीचा पांढरा दुपट्टा घेतला होता. वंदना झाली. लोक बाहेर आले, पण रसाला कोणी पुढं होईना. सगळे गयाबाईची वाट बघत होते. गयाबाई काठी टेकत आली. अंगावर आदल्या वर्षीचंच लुगडं होतं, डागाची बाजू मुद्दाम पुढं घेऊन नेसलेलं. नूरखालानं ऊस घातला. लाटा फिरल्या, फेस आला. गयाबाईनं ग्लास घेतला नाही. ती वाकली, पदराचं स्वच्छ टोक बोटाला गुंडाळलं आणि जिथून तेल गळायचं ती लाटेची कड नीट पुसली. मग पदर उन्हात धरून बराच वेळ पाहिला. मी दादांची बाही धरली होती, मोडलेल्या हाताची.

"निसतं पाणी हाय," गयाबाई म्हणाली. "गोड हाय जरा." आणि तिनं ग्लास मागितला.

नूरखालानं ग्लास भरून दिला आणि तोंड फिरवून दुपट्ट्याच्या टोकानं डोळे टिपले. गयाबाईनं रस संपवला, ओठ पुसले आणि तिला म्हणाली, "पुढल्या साली बी ये." त्यानंतर जी झुंबड उडाली तिच्यात साळवेमामांना उसाच्या मोळ्या आणायला दोनदा पळावं लागलं.

प्लास्टर निघालं तेव्हा पाऊस सुरू झाला होता. दादांनी हात उघडझाप करून पाहिला आणि सकाळी लेथपाशी आले. मी बाजूला झाले. ते मशीनवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले, मग बाजेवर जाऊन बसले आणि मायला चहा मागितला. तेवढ्यात अंबडकडच्या सरकी काढायच्या कारखान्यातला एक माणूस पोत्यात काहीतरी जड घेऊन आला. त्यानं आत पाहिलं आणि विचारलं, "मिस्त्री कुठंय?"

दादांनी बशीत चहा ओतला. "ती काय, उभी हाय," ते म्हणाले. "पण जल्दी करा. कालिज सुरू झालं की जालन्याला जाणार हाय ती."

मला ते तेव्हाच, त्या माणसासोबतच कळलं. मी टोपी नीट केली, पोत्यातून झिजलेला बुश काढला, आतून बोट फिरवून पाहिलं आणि त्या माणसाला विचारलं, "ह्याला पाणी लागतं का?"